नादारी, रिसीव्हर आणि कामगाराचा पगार

(रायपूर येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पगारवाढीवर आपण नेहमीच बोलतो. आज हाती आलेल्या पगाराचे पुढे काय होते, त्यावर बोलायचे आहे.

डब्ल्यू. आर. एस. कॉलनी असो की गुढियारी, कर्जाची कहाणी सगळीकडे सारखीच. मुलीचे लग्न, घरातले आजारपण, मुलाची फी. आधी पतसंस्थेचे कर्ज, मग बँकेचे, आणि दोन्हीकडचे दार बंद झाले की खासगी सावकाराचे. पगाराच्या दिवशी ए.टी.एम. कार्ड सावकाराच्या खिशात आणि सही केलेले कोरे चेक त्याच्या कपाटात! अशा माणसाला कोणी म्हटले, "कोर्टात नादारीचा अर्ज कर," तर तो घाबरतो. कोर्टाचा माणूस येईल, भांडीकुंडी नेईल, फंड काढून घेईल, अशी त्याची समजूत असते. या समजुतीवरच सावकाराचा धंदा चालतो. म्हणून हा कोर्टाचा माणूस कोण, तो काय घेऊ शकतो आणि काय नाही, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

प्रथम कायदा. मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांसाठी 1909 चा प्रेसिडेन्सी नादारी कायदा आहे. तेथे नादाराची मालमत्ता ऑफिशियल असायनी नावाच्या अधिकाऱ्याकडे जाते. आपल्या रायपूरला 1920 चा प्रांतिक नादारी कायदा लागतो. अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा आणि मालमत्ता सांभाळणारा तो रिसीव्हर. 2016 च्या नव्या दिवाळखोरी संहितेत या माणसाला 'बँकरप्सी ट्रस्टी', म्हणजे विश्वस्त, म्हटले आहे. पण त्या संहितेचा व्यक्तींविषयीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता लागू झाला आहे. तेव्हा मेव्हण्याच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीसाठी बँकेत सही करताना दहा वेळा विचार करा. बाकी आपल्यासारख्या पगारदाराला अजून 1920 चाच कायदा आहे.

नाव काहीही असो, काम विश्वस्ताचेच. कर्जदाराला नादार ठरवल्यावर त्याची मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते. रिसीव्हर ती ताब्यात घेतो, विकतो, येणी वसूल करतो. धनको आपापले दावे शाबीत करतात आणि त्यांची यादी तयार होते. सरकारी देण्यासारखी कायद्याने अग्रक्रम दिलेली देणी आधी भागतात, नंतर उरलेले पैसे बाकीच्यांना प्रमाणात वाटले जातात. जो जास्त ओरडतो त्याला जास्त, असे तेथे चालत नाही. रिसीव्हरचा मेहनतानाही कोर्टच ठरवते. तो सावकाराचा वसुलीवाला नव्हे, आणि आपला वकीलही नव्हे. तो कोर्टाचा माणूस आहे.

यात कर्जदाराचा पहिला फायदा असा की नादारीचा हुकूम झाल्यावर, त्या प्रकरणात शाबीत होऊ शकणाऱ्या कर्जासाठी कोणताही धनको कोर्टाच्या परवानगीशिवाय त्याच्यावर वेगळा दावा लावू शकत नाही. मात्र तारण घेतलेल्या बँकेचा तारणावरचा हक्क कायम राहतो. घर गहाण असेल तर नादारीने ते सुटत नाही.

आता मुख्य प्रश्न: रिसीव्हर काय घेऊ शकत नाही? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 ने जे जप्त होत नाही, ते रिसीव्हरकडेही जात नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे ही त्यात येतात. सरकारी पेन्शन आणि ग्रॅच्युइटीही त्यात येते. पगारापैकी पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित असतो. समजा, हिशेबात धरला जाणारा पगार 31,000 रुपये आहे. त्यातले 1,000 अधिक 20,000, म्हणजे 21,000 रुपयांना हात लागत नाही. पोटगीच्या हुकुमाचा नियम वेगळा आहे.

प्रॉव्हिडंट फंडाचे तर 1925 च्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. सरकारी व रेल्वेच्या फंडातील सक्तीच्या वर्गणीवर ऑफिशियल असायनीचा किंवा रिसीव्हरचा हक्क नाही. 2004 नंतर लागलेल्या व नवीन पेन्शन योजनेत असलेल्या तरुण साथींनी मात्र हेच कलम आपल्याला आपोआप लागते असे धरून चालू नये. वकिलाला स्वतंत्र विचारावे.

ही झाली ढाल. आता कर्जदाराचे कर्तव्य. सगळी मालमत्ता आणि सगळी कर्जे खरी सांगावी लागतात. पुष्कळ जण येथेच फसतात. अर्जाआधी घर भावाच्या नावे करतात, प्लॉट बायकोच्या नावे करतात. खरा मोबदला न घेता, सचोटीने न केलेला असा व्यवहार दोन वर्षांच्या आतला असेल तर तो रद्द होऊ शकतो. तसेच सगळ्यांना सोडून एकाच धनकोला झुकते माप म्हणून पैसे दिले आणि तीन महिन्यांत नादारीचा अर्ज झाला, तर तेही टिकत नाही. धमकी देणाऱ्या सावकाराला शेवटची पुंजी देऊन टाकणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

रिसीव्हरचा निर्णय चुकीचा वाटला तर? 21 दिवसांच्या आत कोर्टाकडे दाद मागता येते. हा हक्क धनकोला आहे तसाच नादारालाही आहे. एकवीस दिवस गप्प बसून नंतर युनियनच्या कचेरीत आलात, तर आम्ही फार काही करू शकणार नाही.

नादारी म्हणजे लगेच कर्जमाफी नव्हे. कोर्ट मुदत ठरवून देते आणि त्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर नादारीचा हुकूमच रद्द होतो आणि संरक्षण संपते. जुना कायदा आजही आण्यांत मोजतो: बिनतारणी देण्यांच्या मानाने मालमत्ता रुपयास आठ आणेसुद्धा भरत नसेल, तर ही स्थिती आपल्या दोषाने आलेली नाही, हे कोर्टाला पटवावे लागते. म्हणून दवाखान्याची बिले, कर्जाचे कागद, पावत्या जपून ठेवा.

मुक्तता मिळाली तरी जामीनदार सुटत नाही. आपल्याकडे पतसंस्थेच्या कर्जावर शेजारच्या टेबलावरचा सोबती सही करतो. एकाची नादारी दुसऱ्याच्या पगारावर येऊ नये, म्हणून अर्जाआधी जामीनदाराशी उघड बोलणे ही साधी माणुसकी आहे.

नोकरीचे काय? टपाल खात्यात 1964 चे आणि रेल्वेत 1966 चे वर्तणूक नियम आहेत. दोन्हींचा नियम 17 सांगतो की कर्मचाऱ्याने सततचे कर्ज आणि नादारी टाळावी, आणि कर्जवसुलीची किंवा नादारीची कारवाई सुरू झाली तर खात्याला पूर्ण माहिती द्यावी. ही स्थिती उधळपट्टीने आली नाही, हे दाखवण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावरच आहे. तेव्हा लपवू नका. वेळेवर, लेखी कळवा, आणि पत्राची पोच ठेवा.

आणि जो सावकार दारात बसतो, बायकामुलांना धमकावतो, त्याच्यासाठी नादारीची वाट पाहायची गरज नाही. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांताने 1937 मध्येच कर्जदार संरक्षण कायदा केला. तो छत्तीसगडात आजही चालतो आणि पोलीस त्याखाली गुन्हा नोंदवतात. कर्जदाराचा पाठलाग आणि छळ हा गुन्हा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितले की केवळ गरिबीमुळे कर्ज फेडता आले नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येत नाही. पण हा न्याय कामगाराच्या दारी आपोआप चालत येत नाही. प्रत्येक शाखेने दोन माणसे तयार करावीत. त्यांनी कर्जबाजारी सोबत्याचे कागद लावून द्यावेत, त्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे न्यावे आणि तारखा वहीत लिहाव्यात. बोनस आणि बदलीसाठी आपण एक होतो. सोबत्याचे ए.टी.एम. कार्ड सावकाराच्या खिशातून परत आणण्यासाठीही एक होऊ या.