करवंदाचं कुंपण

डोंगराला करवंदं पिकली आहेत. लहानपणी फळ फोडून "कोंबडा की कोंबडी" आपण सगळ्याच खेळलोय. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी! आज त्याच करवंदाच्या कुंपणाविषयी बोलू.

दरवर्षी आपण परसबागेला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालतो. हात सोलवटतात, पावसाळ्यात काट्या कुजतात, वाळवी लागते आणि पुन्हा शेळ्या आत. करवंदाची जाळी एकदा वाढली की वर्षानुवर्षं राहते. वर फळंही देते.

आमच्या गटाने पहिल्या वर्षी दोन चुका केल्या, त्या आधी सांगते. मे महिन्यातलं बी बरणीत भरून ठेवलं आणि दिवाळीनंतर पेरलं. एकही उगवलं नाही. करवंदाचं बी साठवून टिकत नाही. दुसरी चूक, आणलेली रोपं बांधाखालच्या खोलगट जागेत लावली. तिथे पाणी साचलं, मुळं कुजली. मुरमाड उतारावरची तेवढी जगली. या झाडाला हलकी, खडकाळ जमीन चालते, भरपूर ऊन लागतं, पण पाय ओले राहिलेले चालत नाहीत.

आता पद्धत ऐका. पूर्ण पिकलेली, काळी करवंदं घ्या. बी काढून धुवा, सावलीत सुकवा आणि चार-पाच दिवसांत पिशवीत पेरा. पिशवीत माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत घाला. रोप हळू वाढतं, म्हणून वर्षभर पिशवीतच सांभाळा. पुढच्या पावसाळ्यात, पहिला चांगला पाऊस झाला की दोन-दोन फुटांवर लावा.

पहिले दोन उन्हाळे आठवड्याला तांब्या-दोन तांबे पाणी द्या आणि बुडाशी पालापाचोळा पसरा. कोवळे शेंडे शेळ्या खातात, तेव्हा तोवर बाभळीच्या काट्या बाहेरून राहू द्या. पुढे झाड आपलं आपण उन्हाळा काढतं. फळं उतरल्यावर शेंडे छाटले की जाळी दाट होते. छाटताना चीक निघतो, तो डोळ्यांत जाऊ देऊ नका.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरतं. कच्च्याचं लोणचं, पिकल्याचं सरबत, जाम. काही घरात, काही बाजारात.

एक विनंती. डोंगरावरची फळं काढताना फांद्या मोडू नका, जाळी तोडू नका. थोडी फळं पाखरांना ठेवा. तीच तर बी पसरवतात.

या आठवड्यात फळं खाल, तेव्हा बी थुंकू नका, जपून ठेवा. प्रत्येकीने वीस पिशव्या भरल्या, तर पुढच्या पावसाळ्यात गटातल्या दोघींच्या तरी परसबागेचं कुंपण सुरू होईल. दरवर्षी दोघी, असं करत सगळ्यांचं होईल.