न सांगितलेली गोळी
(वार्षिक मेळाव्याच्या महिला सत्रात, धाराशिव येथे केलेले भाषण)



नवरात्र जवळ आले की घराघरांतून तुळजापूरच्या दर्शनाची तयारी सुरू होते, आणि त्याच सुमारास पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची चिठ्ठी गुपचूप औषधाच्या दुकानी जाते. लग्नकार्य असो की कुळधर्म, हेच चालते. जगदंबा स्वतः स्त्रीरूप असता तिच्या लेकींनी निसर्गधर्माचा एवढा संकोच का बाळगावा, हे मला उमगलेले नाही. परंतु तो वाद आज बाजूस ठेवते.

या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरोन असते. त्याचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेन जातीच्या द्रव्यात पालटतो, व त्या द्रव्याने रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. संततिनियमनाच्या 'माला-एन' गोळीत तर ते प्रत्यक्षच असते. घाबरण्याचे कारण नाही. गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांपैकी वर्षाकाठी सुमारे २ जणींना गुठळी होते. माला-एनसारखी गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींना. बाळंतपणाच्या सुमारास हा धोका याहूनही अधिक असतो. मात्र जिला पूर्वी गुठळी झाली आहे, किंवा जिच्या आईस वा बहिणीस झाली आहे, तिने डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी घेऊ नये.

अश्विनी पौर्णिमेस सोलापुराहून पायी तुळजापूर गाठणाऱ्यांचे दोन्ही पाय दुखतात; तो शीण. गुठळीत बहुधा एकाच पायाची पोटरी सुजते, ठणकते, हातास ऊन लागते. अशा वेळी एस.टी.त पाय अवघडला असेल असे म्हणून सासूबाई मायेने कोमट तेल घेऊन पोटरी रगडावयास बसतात. हे कदापि करू नये. शिरेतील गुठळी सुटून फुप्फुसात अडकू शकते. मग एकाएकी धाप लागते, दीर्घ श्वास घेताच छातीत कळ येते, क्वचित खोकल्यातून रक्त पडते. अकस्मात उठलेली असह्य डोकेदुखी, जीभ जड होणे, एका अंगाचे बळ जाणे, ही मेंदूकडील चिन्हे. पोटरी सुजली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बाकीच्या चिन्हांस १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

डॉपलर सोनोग्राफीत पायाची गुठळी दिसते, आणि वेळेवर औषध मिळाल्यास बहुतेकजणी बऱ्या होतात. पण अठरा वर्षांच्या धडधाकट मुलीविषयी अशी शंका डॉक्टरांच्या मनात सहसा प्रथम येत नाही. आणि सासरे वा भाऊ शेजारी उभे असता गोळीचे नाव कोण काढणार? म्हणून, भगिनींनो, गोळ्यांचे रिकामे पाकीट टाकून देऊ नका. ते बरोबर न्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा. मग तोंडाने काही सांगावयासही नको.