झाड मोजलं कुणी?



आयोजकांनी मला प्रश्न दिला होता, ब्लॉकचेनच्या पैशातून जंगल उभं राहील का? मी दहा-बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यातली तीन याच कामात गेली. उत्तराआधी माझी एक चूक सांगतो.

२०२२ साली मी एका छोट्या कंपनीत होतो. कल्पना छान होती. खाडीकाठी कांदळवन लावायचं, प्रत्येक रोपामागे एक टोकन. देणगीदार मोबाइलवरून टोकन घेणार. रोप लावल्याचा फोटो आला की स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर ठेवलेला आणि अट पूर्ण होताच आपोआप चालणारा प्रोग्राम, लावणाऱ्याच्या वॉलेटमध्ये पैसे सोडणार. मध्ये कुणी दलाल नाही.

एकच फोटो दोनदा येऊ नये म्हणून मी त्याचा हॅश तपासत होतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. तोच ठसा पुन्हा आला की नकार. मला वाटलं, झालं काम. चार महिन्यांनी आमच्यातल्या एका मुलीने सहज फोटो चाळले, तर एकाच रोपाचे अकरा फोटो. एकाच्या कडा कापलेल्या, एक दुसऱ्या बाजूने काढलेला. फाइल वेगळी म्हणून ठसा वेगळा, आणि माझ्या कोडच्या हिशेबाने अकरा झाडं. ब्लॉकचेनवर लिहिलेलं खोडता येत नाही. त्यामुळे ती अकरा झाडं तिथे आजही उभी आहेत.

ब्लॉकचेन म्हणजे शेवटी एक नोंदवही. तिच्या प्रती हजारो संगणकांवर असतात, म्हणून गुपचूप पान फाडता येत नाही. ही लहान गोष्ट नाही. पण नोंद केली तेव्हाच ती खरी होती का, हे वहीला कळत नाही. वक्फच्या नोंदवहीत जमीन असते आणि जागेवर भलतीच इमारत उभी असते, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आमची कंपनी लहान होती. आता मोठ्या प्रयोगाकडे येऊ. कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाऊ दिला नाही किंवा हवेतून काढून घेतला, याचा दाखला. असे दाखले देणारी सर्वांत मोठी संस्था व्हेरा. एखाद्या कंपनीने दाखला वापरला की तो व्हेराच्या यादीत रद्द होतो, म्हणजे तोच दाखला दुसऱ्याला वापरता येत नाही. ऑक्टोबर २०२१मध्ये टूकान नावाच्या प्रकल्पाने एक पूल बांधला. व्हेराकडे दाखला रद्द करायचा आणि त्याच्या बदल्यात पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर टोकन काढायचं. (पॉलिगॉन आपल्याच भारतीय अभियंत्यांनी २०१७मध्ये सुरू केलं, तेव्हा त्याचं नाव मॅटिक होतं.) त्याच महिन्यात क्लायमाडाओ आलं. त्यांचा हिशेब असा की ही टोकनं भराभर विकत घेऊन साठवायची, मग कार्बनचा भाव चढेल आणि जंगल राखणाऱ्यांना जास्त पैसे मिळतील. क्लायमाचं एक टोकन तेव्हा ३,००० डॉलरच्या वर गेलं होतं. माझे मित्र रात्री जागून आलेख बघत बसायचे. मीही बसायचो.

झालं काय? टूकानच्या सामायिक साठ्यात २००८पासूनचे दाखले चालत होते आणि सगळ्यांना भाव एकच. मग कुणीही शहाणा व्यापारी जे करेल तेच झालं. बाजारात वर्षानुवर्षं पडून असलेला स्वस्त माल, त्यात जुन्या जलविद्युत आणि पवनऊर्जा प्रकल्पांचे दाखलेही आले, तो सगळा पुलावरून आत ढकलला गेला. साधारण दोन कोटी टन. पैसा मिळाला तो जुने दाखले हातात असलेल्यांना. त्या पैशातून नवं झाड लागलंच पाहिजे अशी अट कुठेच नव्हती. मे २०२२मध्ये व्हेराने रद्द दाखल्यांवर टोकन काढायला मनाई केली. वर्षभरात क्लायमा काही डॉलरांवर आलं.

कुणी विचारेल, ब्लॉकचेन वीज किती खाते? बिटकॉइन अजूनही खातं. इथेरियमने सप्टेंबर २०२२मध्ये पद्धत बदलली आणि तिथला वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. तो आक्षेप आता सगळीकडे लागू होत नाही. हलाल-हरामचं मला विचारू नका, मी आलिम नाही. एवढंच सांगतो की आपल्याकडे एप्रिल २०२२पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, आणि एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

पुन्हा खाडीवर येतो. माझे मामू रायगडमध्ये खाडीकाठी राहतात. फोटोंचा घोळ त्यांना सांगितला तर हसले. म्हणाले, "रोप लावायला काय, पोरंही लावतील. तिसऱ्या पावसानंतर चिखलात उतरून बघणार कोण?" फिलिपाइन्समध्ये नेमकं हेच झालंय. लाखो रोपं लावली, पण सोयीची म्हणून समुद्राकडच्या उघड्या चिखलात, जिथे ती जगत नाहीत. टिकलेल्या झाडांचं प्रमाण १० ते २० टक्के निघालं. कांदळवनाला आधी भरती-ओहोटीचं पाणी नीट यावं लागतं. बांध घालून पाणी अडवलं असेल तर तो फोडावा लागतो. पाण्याची वाट मोकळी झाली की बऱ्याच ठिकाणी बिया आपल्या आपण वाहून येतात आणि रुजतात. फोडलेल्या बांधाचं टोकन मात्र कुणी विकत घेत नाही, फोटोत ते दिसायला बरं नसतं.

केनियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, गाझी खाडीत, मिकोको पामोजा नावाचा प्रकल्प आहे. स्वाहिलीत त्याचा अर्थ 'कांदळवन, एकत्र'. दोन गावांनी मिळून ११७ हेक्टर कांदळवन राखलंय आणि २०१३पासून ते वर्षाला साधारण ३,००० टनांचे दाखले विकतात. पैसा शाळेला, पाण्याला जातो. कशावर खर्च करायचा ते गावकरी बसून ठरवतात. यात ब्लॉकचेन नाही. झाडांचे बुंधे मोजणारी माणसं आहेत, आणि ती तिथेच राहतात.

मग ब्लॉकचेन फेकून द्यायची का? मी अजून दिलेली नाही. परदेशातल्या देणगीदाराचे पैसे कुठल्या टप्प्यावर अडकले, हे गावातल्या माणसालाही मोबाइलवर दिसावं, यासाठी ती उपयोगी आहे. एकच दाखला दोन जणांना विकला गेला का, हे तपासायलाही. मी सध्या सुट्टीच्या दिवशी नवं कॉन्ट्रॅक्ट लिहितोय. त्यात फोटोवर पैसे सुटत नाहीत. गावातले दोघं आणि बाहेरचा एक, असे तिघं जागेवर जाऊन मोजतात आणि तिघांची सही झाली तरच पैसे सुटतात. लागवडीच्या वेळी ४० टक्के, उरलेले तिसऱ्या पावसानंतर, जगलेल्या झाडांच्या हिशेबाने.

मामूंना दाखवलं. त्यांनी नीट ऐकलं आणि विचारलं, "तीन वर्षं आम्ही खायचं काय?"

टक्केवारी बदलून बघितली. आधी जास्त पैसे दिले तर पुन्हा अकरा फोटो, कमी दिले तर रोजंदारी सोडून कुणी येतच नाही. इथे बँकेत, बचत गटात, मच्छीमार सोसायटीत काम केलेलं कुणी असेल तर प्रश्नोत्तरं यापासूनच सुरू करू. माइक मागच्या रांगेत द्या.