ब्राउझर फुटला तरी घर फुटू नये

(तेल्हारा येथे महाविद्यालयीन विद्यार्थी आणि ऑनलाइन सेवा केंद्र चालवणाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आज अशा एका पहारेकऱ्याबद्दल बोलणार आहे, जो इथे बसलेल्या जवळपास प्रत्येकाच्या खिशात आहे, पण त्याचं नाव फारसं कोणी ऐकलेलं नाही.

आपल्या तालुक्यात आज ब्राउझरशिवाय कोणतं काम होतं? शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, सगळं ऑनलाइन. 2025 च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा, तर आधी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आली. ज्यांना हे स्वतः जमत नाही, ते तेल्हाऱ्याच्या नाहीतर हिवरखेडच्या केंद्रावर जातात. तिथे एकाच संगणकावर कितीतरी लोकांची आधार कार्डं, पासबुकं, जातीचे दाखले स्कॅन होऊन पडलेले असतात. आणि त्याच संगणकावर दिवसभर नाना तऱ्हेच्या वेबसाइट उघडत असतात.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. वेबपान म्हणजे नुसता छापील कागद नाही. त्याच्यासोबत एक प्रोग्राम येतो आणि तो तुमच्या यंत्रावर चालतो. ब्राउझरमध्ये कोट्यवधी ओळींचा कोड आहे, त्यात चुका राहणारच. एखादं दुष्ट पान अशी एखादी चूक हेरून ब्राउझरचा ताबा घेऊ शकतं. मग पुढे काय होतं?

संगणकाची जुनी पद्धत अशी, की फाइल ज्याची, त्याने ठरवायचं ती कोणाला दाखवायची. तुम्ही सुरू केलेला प्रत्येक प्रोग्राम तुमच्या नावाने चालतो. म्हणजे तुम्ही जे उघडू शकता, ते सगळं ब्राउझरही उघडू शकतो. तो फुटला, की दाखल्यांचं अख्खं फोल्डर चोराच्या हाती.

यावर पहिला उपाय म्हणजे ब्राउझरचे तुकडे करणं. 2008 साली क्रोम आलं, तेच या विचाराने. पान वाचून पडद्यावर मांडण्याचं धोक्याचं काम वेगळ्या प्रोसेसकडे दिलं आणि तिला एका कोंडीत ठेवलं. या कोंडीला सॅण्डबॉक्स म्हणतात. पण कोंडीच्या भिंती सांभाळायच्या कोणी? कोंडलेल्या प्रोसेसच्या शब्दावर तर विसंबता येत नाही.

इथे दुसरी पद्धत येते, मॅण्डेटरी ॲक्सेस कंट्रोल, म्हणजे सक्तीचं प्रवेश-नियंत्रण. बँकेची तिजोरी आठवा. तिच्या किल्ल्या दोघांकडे असतात आणि मॅनेजरलाही ती एकट्याने उघडता येत नाही. मॅनेजर चोर आहे म्हणून हा नियम नाही. उद्या कोणी त्याच्या मानेवर सुरा ठेवला तरी तिजोरी शाबूत राहावी, म्हणून आहे. संगणकातही तसंच. नियम यंत्रणेच्या गाभ्यात, कर्नलमध्ये लागू होतो. फाइल तुमची असो, प्रोग्राम तुमचा असो, नियमात परवानगी लिहिलेली नसेल तर दार उघडत नाही.

लिनक्समध्ये अशा दोन व्यवस्था प्रसिद्ध आहेत. एसई-लिनक्स प्रत्येक फाइलला आणि प्रोसेसला चिठ्ठी लावतं आणि कोणत्या चिठ्ठीने कोणत्या चिठ्ठीला हात लावायचा ते ठरवतं. उबुंटूमधलं ॲपआर्मर फाइलचा पत्ता बघून ठरवतं. एसई-लिनक्स मुळात अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने बनवलं आणि 2000 साली खुलं केलं. हेरांनी बनवलेल्या कुलपावर भरवसा का ठेवायचा, असं कोणी विचारलं तर प्रश्न रास्तच आहे. उत्तर एवढंच, की भरवसा बनवणाऱ्यावर ठेवायचा नाही. त्याचा कोड उघडा आहे, जगभरचे लोक तो वाचतात, तपासतात, आणि 2003 पासून तो लिनक्सच्या मुख्य कर्नलचा भाग आहे.

हाच तुमच्या खिशातला पहारेकरी. ॲण्ड्रॉइडमध्ये तो 2013 साली आला, तेव्हा नुसत्या नोंदी ठेवायचा. 2014 च्या ॲण्ड्रॉइड 5.0 पासून तो पूर्णपणे अडवू लागला. क्रोममध्ये पान मांडणारी प्रोसेस तिथे 'आयसोलेटेड ॲप' या चिठ्ठीखाली चालते. तिचा एक नियम मला फार आवडतो. मुख्य ब्राउझरने आधीच उघडून हातात दिलेली फाइल तिला वाचता येते, पण ॲपच्या साठवणीतली फाइल स्वतःहून उघडता येत नाही. समोर ठेवलेला कागद वाचायचा, कपाटाला हात लावायचा नाही. थेट इंटरनेटला जोडणीही करता येत नाही, तीही मुख्य ब्राउझरकडे मागावी लागते. पान फुटलं तरी चोर अंगणातच अडकतो. आत शिरायला त्याला दुसरी चूक शोधावी लागते, कर्नलमधली किंवा मुख्य ब्राउझरमधली.

म्हणून केंद्रचालकांना कळकळीने सांगतो, ही भिंत आपल्या हाताने पाडू नका. 2024 च्या उबुंटू 24.04 मध्ये ॲपआर्मरने एक वाट बंद केली. साधा प्रोग्राम कर्नलकडून स्वतःसाठी वेगळी खोली मागून घेऊ शकत होता, आणि त्या वाटेने हल्लेही होत होते. पण क्रोमियमची कोंडीही त्याच सोयीवर उभी असते. त्यामुळे कुठून तरी उतरवून भलत्याच फोल्डरमध्ये ठेवलेला क्रोमियम सुरूच होत नाही, सॅण्डबॉक्स मिळत नाही म्हणून तक्रार करतो. मग इंटरनेटवरचा जाणकार सल्ला देतो, 'नो-सॅण्डबॉक्स लावून चालवा'. ब्राउझर चालतो, पण कोंडीशिवाय. बरोबर उपाय म्हणजे ब्राउझर अधिकृत ठिकाणाहून घेणं, किंवा त्या एकाच प्रोग्रामला तेवढी एकच परवानगी देणारा ॲपआर्मरचा नियम लिहिणं. तो पाच-सहा ओळींचा असतो. अख्खा पहारा उठवायची गरज नसते.

या पहाऱ्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो फुटलेल्या पानाला अडवतो, तुम्ही दिलेल्या परवानगीला नाही. व्हॉट्सॲपवर सरकारी योजनेच्या, वाहनाच्या दंडाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल येते. ती तुम्ही स्वतः बसवली, एसएमएस वाचायची आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी दिली, तर ओटीपी तुमच्याच संमतीने बाहेर जातो. तिथे नियम मोडलेलाच नसतो.

तेव्हा आजच्या दिवसात चार कामं करा. क्रोम आणि ॲण्ड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू प्ले स्टोअरवरून अद्ययावत करा. फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख बघा. ती फार जुनी असेल तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार करू नका. फोन रूट करून देतो म्हणणाऱ्याला नकार द्या. आणि केंद्रावरच्या संगणकात लोकांचे कागद काम झालं की पुसून टाका. जो कागद तिथे नाही, तो चोरीला जात नाही.

ज्या माणसाने विश्वासाने आपलं आधार कार्ड तुमच्या टेबलावर ठेवलं, त्याला यातलं काही माहीत नसतं. त्याच्या वतीने हे माहीत असणं आपलं काम आहे. आता प्रश्न विचारा, मी थांबलो आहे.