पदवीसाठी घेतलेली उचल

(विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील ऊसतोड कुटुंबांना ‘उचल’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. हंगामापूर्वी मुकादमाकडून रक्कम घ्यावयाची आणि हंगामभर कोयत्याच्या कष्टाने ती फेडावयाची, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हंगाम कमी पडला, तर उचल अंगावर राहते आणि पुढील वर्षाच्या मजुरीवर तिचा भार पडतो.

शैक्षणिक कर्ज हीही एक प्रकारची उचलच होय. फरक इतकाच की, ती मुलाच्या अथवा मुलीच्या भावी पगारावर घेतलेली असते. म्हणूनच कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी एक प्रश्न विचारावयास हवा : पदवीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांची कमाई या कर्जाचा हप्ता पेलू शकेल काय?

उशिरा फळणारे झाड

जीवशास्त्राच्या पदवीबाबत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. परिचर्या किंवा औषधनिर्माणशास्त्र या अभ्यासक्रमांनंतर नोंदणी होऊन व्यवसायाचा परवाना हाती येतो. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र वा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्यास तसा परवाना मिळत नाही. रोगनिदान प्रयोगशाळेत काम करावयाचे तर बहुधा डी.एम.एल.टी.सारखी पदविका लागते. माध्यमिक शाळेत शिक्षक व्हावयाचे तर बी.एड. करावे लागते. महाविद्यालयात अध्यापन करावयाचे तर एम.एस्सी.सह नेट अथवा सेट उत्तीर्ण व्हावे लागते. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. पण ती पदव्युत्तर शिक्षणानंतरची पायरी आहे आणि तेथे स्पर्धाही मोठी आहे. थोडक्यात, हे झाड फळते, परंतु उशिरा. कर्जाचा हप्ता मात्र तोवर थांबत नाही.

आकडे काय सांगतात?

एक उदाहरण घेऊ. समजा, एका विद्यार्थिनीने शुल्क, वसतिगृह व खाणावळ यांसाठी दरवर्षी एक लाख याप्रमाणे तीन वर्षांत तीन लाख रुपये कर्ज घेतले. व्याजाचा दर दहा टक्के धरू. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. परंतु व्याजाची आकारणी पहिल्या दिवसापासूनच सुरू असते. सरळव्याजाने या काळात ९०,००० रुपये साठतात व मुद्दलात मिळविले जातात. परतफेड सुरू होते ती ३ लाख ९० हजारांची. सात वर्षांच्या मुदतीत दरमहा सुमारे ६,४७५ रुपये भरावे लागतात आणि एकूण भरणा ५ लाख ४० हजारांच्या वर जातो. पहिला पगार १५,००० रुपये धरला, तर हप्ता फेडून हाती साडेआठ हजार उरतात. त्यात शहरातील खोलीचे भाडे आणि जेवण भागवून घरी काय पाठवावयाचे?

आता याच विद्यार्थिनीने वर्षाला केवळ ३०,००० रुपये घेतले असे समजा. त्याच दराने व त्याच मुदतीने हप्ता १,९४५ रुपयांच्या आतच राहतो. पगार तोच, पदवी तीच. पण पुढे पदविका वा एम.एस्सी. करण्याची उमेद शाबूत राहते. हप्ता पहिल्या पगाराच्या पंचमांशाहून अधिक नसावा, असा साधा ठोकताळा घरोघरी ठेवण्यास हरकत नाही.

उचल लहान कशी ठेवावी?

पहिली गोष्ट म्हणजे प्रवेश घेताना तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, याची चौकशी करावी. सूक्ष्मजीवशास्त्र व जैवतंत्रज्ञान हे विषय अनेक महाविद्यालयांत विनाअनुदानित तत्त्वावर चालतात व त्यांचे शुल्क अधिक असते.

दुसरी गोष्ट, शासनाच्या सवलती नीट वाचाव्यात. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना शुल्कमाफी मिळाली, ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. केंद्राच्या व्याज अनुदान योजनेचा रोखही तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे आहे. २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना निवडक दर्जेदार संस्थांपुरती आहे. साध्या बी.एस्सी.ला हे लाभ मिळतीलच, असे गृहीत धरू नये. शिष्यवृत्तीसाठी मात्र महाडीबीटी संकेतस्थळावर मुदतीत अर्ज करावा.

तिसरी गोष्ट या मातीतलीच आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रम करून शिकण्याची वाट घालून दिली. श्रीरामपूर, कर्जत येथे या संस्थेची महाविद्यालये आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते. या कामाचे मानधन मोठे नसते. परंतु त्यातून शिकत असतानाच कर्जाचे व्याज भरत गेल्यास ते मुद्दलात साठत नाही. वरील तीन लाखांच्या उदाहरणात एवढ्यानेच सुमारे ३५ हजार रुपये वाचतात.

भीती नको, हिशेब हवा

एक धोका दुसऱ्या बाजूचाही आहे. कर्जाच्या धास्तीने बारावीनंतर मुलीचे नाव काढले जाते आणि लवकरच तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. त्याची किंमत कोणत्याही हप्त्याहून जड आहे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास बँका सामान्यतः तारण मागत नाहीत. आई अथवा वडील सहकर्जदार असतात. म्हणून थकबाकीचा डाग त्यांच्याही पतीला लागतो, हे मुलांनी विसरू नये.

तेव्हा प्रवेशापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून तीन आकडे कागदावर लिहावेत : परतफेड सुरू होईल त्या दिवशीचे एकूण कर्ज, दरमहाचा हप्ता आणि त्याच महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांचा खरा पगार. शेवटचा आकडा माहितीपुस्तिकेतून न घेता त्या विद्यार्थ्यांनाच विचारून घ्यावा. मुकादमाची उचल अडचणीच्या घाईत घेतली जाते. तेथे अटी ठरविणे मजुराच्या हाती नसते. पदवीसाठीची उचल किती घ्यावयाची, हे ठरविणे मात्र घराच्या हाती आहे. ती मोजून घेतली, तर कोयता हाती घेतलेल्या आईची मुलगी सूक्ष्मदर्शकापर्यंत पोहोचेल आणि तेथे टिकेलही.