एक ओळ जादा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. पण प्रोग्रॅम लिहिणारी मुलं भेटली की वाटतं, आमचा धंदा एकच, ओळींचा. कवितेत एक ओळ जादा झाली तर फार तर कविता बिघडते. प्रोग्रॅममध्ये झाली तर?

२०१४च्या फेब्रुवारीत याचं उत्तर मिळालं. समोरचं संकेतस्थळ खरं की तोतया, हे सही तपासून ठरवणारा एक भाग ॲपलच्या आयफोनमध्ये आणि मॅक संगणकात होता. त्यात ‘गोटू फेल’, म्हणजे ‘चूक आढळली तर थेट शेवटी जा’, ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. पहिली अटीला बांधलेली, दुसरी मोकळी. त्यामुळे चूक नसतानाही संगणक शेवटी उडी मारी. सही तपासली जात नसे आणि निकाल मात्र ‘सारं ठीक’! तुमचा पासवर्ड तोतयाच्या हाती जाऊ शकला असता.

दुसरी ओळही पहिलीइतकीच आत सरकवून लिहिली होती. वाचणाऱ्याला ती अटीखालचीच वाटे. प्रत्येक अटीखालचा मजकूर महिरपी कंसात ठेवायची सवय असती, तर जादा ओळ कंसात पडून निरुपद्रवी ठरली असती, बाहेर पडली असती तर डोळ्यांत खुपली असती. एवढ्याशा कंसाचं मोल हे असं!

म्हणून शिस्त ही सजावट नव्हे. नावं अशी द्यावीत, की काम कळावं. एका तुकड्याकडे एकच काम द्यावं. टिपणात ‘काय केलं’ यापेक्षा ‘का केलं’ ते लिहावं. चाचणी घेतल्याशिवाय काम हातावेगळं करू नये. गझल उस्तादाला दाखवून ‘इस्लाह’ घेण्याची जुनी रीत आहे, तसा आपला कोड सहकाऱ्याला वाचायला द्यावा. त्यात कमीपणा नाही. डोनाल्ड क्नूथ हे संगणकशास्त्रातले मोठे नाव. आपल्या पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला ते २.५६ डॉलरचं बक्षीस देत आले.

कंटाळलेल्या संध्याकाळी, घाईच्या दिवशी हुशारी दगा देते. तेव्हा हात सवयीनंच चालतो. तरुण मित्रांनो, सवय आधीच लावून ठेवा. तुमची ओळ यंत्र चालवील, पण उद्या ती दुरुस्त करायला माणूसच बसणार आहे.