आमच्या चाळीतले नाना



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असा मंडळाचा आग्रह झाला. आम्ही गिरणीतले माणूस. शिक्षण सातवी, पुढचे सगळे वाचनालयात. तेव्हा मोठ्या विषयाला हात घालत नाही. एका शेजाऱ्याबद्दल बोलतो, आणि आमच्या चुकीबद्दल.

नायगावच्या बी.डी.डी. चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत नाना राहत. महार रेजिमेंटमधून आलेले, एवढेच ठाऊक. ही रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला उभी राहिली, पुढे १९४६ ला मशीनगनची झाली, हे आम्ही पुस्तकात वाचून पोरांना तावातावाने सांगत असू. नाना कडेला बसून ऐकायचे. एक अक्षर बोलत नसत. विहारात सगळ्यात मागे, भिंतीला टेकून बसायचे. भर मे महिन्यात पायात मोजे. आम्हाला वाटे, मिलिटरीचा तोरा.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला, आपली १० माणसे गेली. निषेधाच्या मोर्चाला घरटी माणूस काढायचा आम्ही ठरवले. नाना म्हणाले, "मला जमणार नाही रे." आम्ही तरुण, साचाखात्यात बदली कामगार, डोके तापलेले. चारचौघांत बोललो, "मिलिटरीतले म्हणे तुम्ही, अन् दोन मैल चालायला भिता?" नाना गप्प. आत गेले, दार लोटले.

पुढे १९९९ ला कारगिलची लढाई झाली. विहारातर्फे माजी सैनिकांचा सत्कार करायचा म्हणून आम्ही यादी करायला बसलो. नाना नको म्हणाले. पण काकींनी पत्र्याची ट्रंक ओढली. वर डिस्चार्ज बुक, खाली दोऱ्याने बांधलेला पत्रांचा गठ्ठा. सातारा जिल्ह्यातून दर नोव्हेंबरात एक पत्र. मजकूर थोड्याफार फरकाने तोच : नाना, तू त्या रात्री पाठीवर घेतलं नसतंस तर माझी लेकरं झालीच नसती.

मग विचारले. नाना आधी बोलले ते तोफेबद्दलच, म्हणजे त्यांच्या विकर्स गनबद्दल. १९६२ चा नोव्हेंबर, लडाख, चुशूलची बाजू, चौदा हजार फुटांवर. "नळीभोवती चार लिटर पाणी असतं. ते गोठू द्यायचं नाही. माणूस गोठला तर गोठला." माघारीचा हुकूम आला तेव्हा जोडीदाराच्या मांडीला गोळी लागलेली. त्याला पाठीवर घेऊन रात्रभर उतरले. बूट आत ओला झाला होता, पण थांबले नाहीत. एवढे सांगून त्यांनी मोजा काढला. उजव्या पायाला एकही बोट नव्हते.

आम्हाला ते दोन मैल आठवले. मान वर होईना. "नाना, चुकलो," म्हटले. ते म्हणाले, "तुला कुठं ठाऊक होतं?" सत्काराला ते आले नाहीतच. उलट आम्हाला काम लावले. "एकाही पत्राला मी उत्तर दिलं नाही. काय लिहू? तुला लिहिता येतं ना, तू लिही."

तेव्हापासून आम्ही लिहू लागलो. नाना सांगत ते पावसापाण्याचे, पोरांच्या नोकरीचे. त्या रात्रीचे कधी नाही. २००८ ला नाना गेले, ते पत्रही आम्हीच लिहिले. जलदान विधीला एक म्हातारबा मुलाचा हात धरून, लंगडत आले. आम्ही पुढे खुर्ची दिली. त्यांनी विचारले, "नाना कुठं बसायचा?" आम्ही जागा दाखवली. खुर्ची सोडून ते मागे गेले आणि भिंतीला टेकून, पाय लांब करून बसले.

जयभीम.